सही जाते, फोटो अडतो

तक्रार अशी होती: ऑनलाइन अर्जाला सहीचं चित्र जोडलं तर जातं, फोटो जोडला की ५००, म्हणजे सर्व्हरची चूक. सही जेमतेम चार-पाच केबींची, फोटो शे-दीडशे केबींचा. टीममध्ये लगेच आवाज उठला, "लिमिट वाढवा."

यात नवल नाही. एंजिनएक्समध्ये (ब्राउझरची मागणी आधी घेणारा वेब सर्व्हर) अपलोडची मर्यादा मुळात १ एमबी असते, त्यामागे अर्जाचं काम करणाऱ्या पीएचपीत एका फाइलला २ एमबी, त्यामुळे अपलोड अडलं की सगळ्यांचे हात आधी तिकडेच जातात. पण दीडशे केबींचा फोटो यातल्या कुठल्याच मर्यादेला शिवत नव्हता. शिवाय मर्यादा ओलांडली तर एंजिनएक्स ४१३ देतो, म्हणजे 'फार मोठं आहे'. ५०० म्हणजे आत काहीतरी मोडलंय. एवढा फरक लक्षात घेतला तरी निम्मी वणवण वाचते, पण तो कुणी वाचतच नाही.

अ‍ॅप्लिकेशनच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) त्या रिक्वेस्टचा मागमूस नव्हता. म्हणजे ती पीएचपीपर्यंत पोचतच नव्हती. मग एंजिनएक्सचा एरर लॉग उघडला, तर तोही कोरा! मागे कधीतरी लॉगने डिस्क भरली म्हणून कुणीतरी त्याची पातळी 'इमर्ज'वर, म्हणजे फक्त सर्वांत गंभीर नोंदींवर, नेऊन ठेवली होती. त्याखालचं सगळं, अगदी 'क्रिट' म्हणजे गंभीर चुकासुद्धा, गिळलं जात होतं. डिस्क वाचवायची ही कुठली रीत! लॉग रोटेट करायचे (जुने काढून नवे सुरू करायचे) असतात, मुके नव्हे.

प्रोडक्शनची कॉन्फिग बदलायची परवानगी संध्याकाळशिवाय मिळणार नव्हती. तोवर मी 'डीडी' कमांडने वेगवेगळ्या आकारांच्या फाइली बनवल्या आणि 'कर्ल' कमांडने एकेक पाठवत राहिलो. १० केबी गेली, ४० अडली, १५ गेली, ३० अडली. सीमा पंधरा आणि तिसाच्या मध्ये कुठेतरी होती, आणि तिथे मला हवा असलेला आकडा सापडला: १६. ६४ बिटच्या मशीनवर एंजिनएक्स रिक्वेस्टची बॉडी (तिच्यातला मजकूर, इथे फाइल) साधारण १६ केबींपर्यंत मेमरीत ठेवतो (किंचित जास्त असेल तर थोडा मोठा बफर, म्हणजे मेमरीतली जागा, घेऊन निभावतो). त्यापुढची बॉडी तो डिस्कवरच्या तात्पुरत्या फाइलीत लिहितो. म्हणजे अडचण फोटोच्या आकाराची नव्हती, डिस्कवर लिहिण्याची होती.

डिस्कवर जागा होती, आयनोडही (नव्या फाइलींसाठी लागणाऱ्या नोंदी) शिल्लक होते. सहकारी म्हणाला, "फोल्डरच्या परवानग्या मी पाहिल्यात, ओनर बरोबर आहे." खरंच बरोबर होता. काही दिवसांपूर्वी सुरक्षेच्या कामात एंजिनएक्स ज्याच्या नावाने चालतो तो युजर बदलला होता, आणि सुरू होताना एंजिनएक्स स्वतःच तात्पुरत्या फोल्डरची मालकी नव्या युजरला देऊन टाकतो. पण फक्त त्या शेवटच्या फोल्डरची. 'नेमआय' या कमांडला लांब यादी मागितली, तेव्हा रूटपासूनची सगळी साखळी दिसली. वरची दोन फोल्डरं अजून जुन्या युजरची, इतरांना पूर्ण बंद. नवा युजर स्वतःच्याच फोल्डरपर्यंत पोचू शकत नव्हता.

संध्याकाळी लॉगची पातळी 'एरर'वर आणली, एक मोठी फाइल पाठवली, आणि हवी ती ओळ आली: परवानगी नाकारली, एरर १३. वरच्या फोल्डरांना 'एक्झिक्यूट' (आत शिरायची परवानगी) देऊन भागलं असतं, पण पुढच्या पॅकेज अपडेटमध्ये ते पुन्हा मूळपदावर येण्याची भीती. म्हणून तात्पुरत्या फाइलींची जागाच कॉन्फिगमध्ये आमच्या ताब्यातल्या फोल्डरात हलवली. फोटो गेला.

पीएचपीकडून येणारं उत्तर बफरांत मावलं नाही तर तेही एंजिनएक्स तिथल्याच शेजारच्या फोल्डरात उतरवतो. तीही जागा हलवली. मोठे रिपोर्ट अर्धवट डाउनलोड होतात, अशी एक तक्रार नेटवर्कवाल्यांच्या माथी मारलेली पडून होती. त्यांना न विचारताच ती बंद झाली.