आधी ओ देईल त्याचा पत्ता

आज ज्यांचं नेट चाललं नाही ते जवळपास सगळे सकाळी उशिरा आलेले. वेळेवर येऊन कामाला लागलेल्यांना काहीच झालं नव्हतं. "उशिरा येणाऱ्यांना शिक्षा लावलीत का मॅडम?" असं अकाउंट्समधल्या एकाने विचारलंही. मी हसले, पण निम्मं निदान त्या थट्टेतच होतं.

तक्रार नेहमीचीच: "इंटरनेट बंद आहे." या तीन शब्दांत काहीही मावतं, म्हणून मी माणसाला फार प्रश्न विचारत नाही, मशीनला विचारते. आयपीकॉन्फिग ही विंडोजची आज्ञा चालवायची आणि आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यावरचा मशीनचा क्रमांक, वाचायचा. हा पत्ता मशीन जोडल्यावर हाक मारून मागतं आणि डीएचसीपी सर्व्हर तो देतो. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर मशीनने हाका मारल्या, कुणी ओ दिली नाही आणि शेवटी त्याने स्वतःच एक पत्ता धारण केला. विंडोज ९८ पासून ही सोय आहे. मग केबल, स्विचचा (तारा जोडायच्या पेटीचा) पोर्ट, व्हीलॅन (जाळ्याचे पाडलेले वेगळे भाग), रिले (एका भागातली हाक दुसऱ्या भागातल्या सर्व्हरपर्यंत नेणारा), सर्व्हर, नाहीतर संपलेला पूल (वाटायच्या पत्त्यांचा साठा), यांपैकी काहीतरी बघायचं.

पूल संपण्याचा प्रकार आमच्याकडे पाहुण्यांच्या वायफायवर होऊन गेलाय. विंडोज सर्व्हर आपण सेटिंगला हात लावला नाही तर ८ दिवसांची लीज, म्हणजे पत्ता वापरायची मुदत, देतो. तासाभराच्या मीटिंगला आलेल्याचा मोबाइल आठवडाभर पत्ता अडवून बसतो, आणि वापरायला असतात जेमतेम २५४. तिथली लीज कमी केली, प्रश्न मिटला.

आजचं प्रकरण वेगळं होतं. पत्ता मिळाला होता, गेटवे (बाहेर जायचं दार) होता, डीएनएसही (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारा सर्व्हर) होता. फक्त तो पत्ता आमचा नव्हता. आमचे पत्ते १०.२० ने सुरू होतात, आणि स्क्रीनवर होता १९२.१६८.० मधला. म्हणजे आमच्या सर्व्हरच्या आधी दुसऱ्याच कुणीतरी ओ दिली होती. अशा वेळी रिलीज-रिन्यू (पत्ता सोडून पुन्हा मागणं) करत बसण्यात अर्थ नसतो. एखाद्या वेळी आपला सर्व्हर जिंकतो, नेट चालतं, "झालं" म्हणून आपण उठतो आणि जेवणाच्या सुट्टीनंतर तोच माणूस पुन्हा दारात.

उशिरा येणारेच का, याचं उत्तर लीजमध्ये आहे. निम्मी मुदत सरली की मशीन नूतनीकरण मागतं, पण तेव्हा ते सगळ्या जाळ्याला विचारत नाही. ज्या सर्व्हरने पत्ता दिला त्यालाच थेट विचारतं. त्यामुळे सकाळी आमच्याकडून पत्ता घेतलेल्यांना या उपटसुंभाचा पत्ताच नव्हता. नंतर आलेल्यांनी लॅपटॉप जोडला तेव्हा त्या लॅपटॉपने कालचाच पत्ता पुन्हा मागितला, मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असा. त्या उपटसुंभाने ठणकावून सांगितलं की हा पत्ता इथला नाही, आणि लॅपटॉपने निमूटपणे पहिल्यापासून शोध सुरू केला.

आमचा सर्व्हर या शर्यतीत हरतो कसा, हे मला वायरशार्क (जाळ्यावरचे निरोप दाखवणारा प्रोग्रॅम) लावल्यावर नीट दिसलं. डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, अ‍ॅक: एवढाच चार वाक्यांचा संवाद ('कुणी आहे का?', 'हा पत्ता घे', 'तोच द्या', 'दिला'). एका डिस्कव्हरला दोन ऑफर आल्या होत्या. आपला सर्व्हर दुसऱ्या व्हीलॅनमध्ये, त्याच्यापर्यंत निरोप रिलेमार्फत जातो. हे अंतर किरकोळ आहे. खरा उशीर त्याच्या सौजन्यामुळे होतो. नवा पत्ता देऊ करण्यापूर्वी तो त्या पत्त्याला पिंग करून पाहतो, कुणी वापरत तर नाही ना, आणि उत्तरासाठी सेकंदभर थांबतो. उपटसुंभ म्हणजे त्याच स्विचला चिकटलेला घरगुती राऊटर; तो असला शिष्टाचार पाळत नाही, फटकन ऑफर टाकतो. क्लायंट, म्हणजे पत्ता मागणारं मशीन, बहुधा पहिली ऑफर उचलतो. नीट वागणारा हरतो, हे बघून मला उगाचच राग आला.

अर्थात दोष त्या बिचाऱ्या राऊटरचाही नाही. डीएचसीपीची नियमावली, आरएफसी २१३१, मार्च १९९७ ची आहे आणि त्यातच स्वच्छ लिहिलंय की हा प्रोटोकॉल फारसा सुरक्षित नाही. उत्तर देणारा खरा की खोटा हे तपासण्याची सोय २००१ मध्ये वेगळ्या आरएफसीने सुचवली, पण ती ऑफिसांच्या जाळ्यात कधी रुजली नाही. रुजणार तरी कशी? ज्याला अजून पत्ताच नाही त्याच्यापर्यंत किल्ली आधी पोहोचवायची कुणी? १९८५ च्या बूटपीच्या (डीएचसीपीच्या आधीच्या पद्धतीच्या) काळी प्रत्येक मशीनची नोंद सर्व्हरवर हाताने करावी लागे. त्या कटकटीतून सुटलो, त्याची ही किंमत.

शोध तसा सरळ होता. एका आजारी लॅपटॉपवर एआरपीच्या तक्त्यात (कुठला आयपी पत्ता कुठल्या यंत्राचा, याची यादी) खोट्या गेटवेचा ओळख क्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस पाहिला. मग मुख्य स्विचला विचारलं, हा मॅक कुठल्या पोर्टवर दिसतो? त्याने मजल्यावरच्या स्विचकडे बोट दाखवलं, त्याने एका मीटिंग रूमच्या पोर्टकडे. पोर्ट बंद केला आणि मगच वर गेले. आधी बंद, मग चौकशी, हा माझा क्रम आहे, कारण चौकशी लांबते.

टेबलाखाली छोटा राऊटर होता, भिंतीतली केबल त्याच्या लॅन (आतल्या जाळ्याच्या) पोर्टात खोचलेली. वॅन (बाहेरून नेट घेणाऱ्या) पोर्टात खोचली असती तर तो आपल्यापुरतं वायफाय चालवत गप्प बसला असता आणि मला कळलंही नसतं. नियमाच्या दृष्टीने तेही वाईटच, पण बाकीच्यांची कामं तरी अडली नसती.

राऊटर काढला की आपोआप सगळं सुरळीत होतं असं नाही, आणि आजचा दिवस खरा खाल्ला तो इथे. ज्यांच्याकडे खोटी लीज आहे, ती मशीन निम्मी मुदत संपेपर्यंत स्वस्थ बसतात. मग गायब झालेल्या राऊटरलाच विचारत राहतात. ८७.५ टक्के मुदत उलटल्यावर कुठे ती सगळ्यांना हाक मारतात. त्या राऊटरची लीज होती २४ तासांची, म्हणजे एकवीस तास वाट पाहायची! मी त्या मजल्याचे पोर्ट क्षणभर बंद करून चालू केले. लिंक तुटून जुळली की मशीन लगेच विचारणा करतं, आणि आपला सर्व्हर 'हा पत्ता इथला नाही' म्हणून नकार देतो. आयएससी या संस्थेच्या डीएचसीपी सर्व्हरमध्ये ऑथॉरिटेटिव्ह ही ओळ लिहिलेली असेल तरच तो असा ठाम नकार देतो, नाहीतर परक्या पत्त्याबद्दल गप्प राहतो. आमच्याकडे ती ओळ आहे. तरीही काही डेस्कटॉप तसेच राहिले, कारण ते टेबलावरच्या आयपी फोनमधून जोडलेले. पोर्ट बंद झाल्याचं फोनला कळतं, फोनमागच्या कॉम्प्युटरला कळेलच असं नाही. तिथे जाऊन हातानेच रिन्यू केलं.

उद्या स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू करणार आहे. वरच्या स्विचकडे जाणारा पोर्ट विश्वासाचा, बाकी कुठूनही ऑफर आली तर टाकून द्यायची. ऑफिस सुटल्यावरच करेन, कारण विश्वासाचा पोर्ट नेमायचा राहिला तर खऱ्या सर्व्हरच्या ऑफरही तिथेच गळतील आणि सकाळी सगळेच १६९.२५४ वर बसतील. दोन जुने साधे स्विच आहेत, त्यांना स्नूपिंग ठाऊकच नाही. त्यांच्यावर जोडलेल्या मशीनना आपसात कुणी काय ऑफर करावं यावर माझा ताबा नाही. ते बदलण्याची मागणी आजच पाठवली.

राऊटर लावणाऱ्याशीही बोलले. तो ओशाळला होता, पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या मीटिंग रूममध्ये वायफायची एकच कांडी येते आणि व्हिडिओ कॉल तुटतात. मी लॅपटॉप घेऊन दार लावून बसले, खरंच एक कांडी. दुसऱ्या मागणीत तिथल्या अ‍ॅक्सेस पॉइंटचं लिहिलंय. तो येईपर्यंत टेबलावर एक लांब केबल ठेवली आहे, थेट भिंतीतून लॅपटॉपला.