घसा खवखवायला लागला की लगेच सांगा

इंग्लंडमध्ये ऑक्टोबर लागला की ऑफिसात एक वाक्य सारखं कानावर पडतं: 'आय थिंक आय अ‍ॅम कमिंग डाऊन विथ समथिंग', म्हणजे काहीतरी दुखणं येतंय असं वाटतंय. ताप नसतो, सर्दीही धड झालेली नसते. घसा खवखवतोय, अंगात थोडी कणकण आहे, एवढंच. पण माणूस ते बोलून दाखवतो. माझ्या शेजारी बसणारी सहकारी एवढं म्हणते, लॅपटॉप बॅगेत टाकते आणि जेवणाच्या सुट्टीआधी घर गाठते. 'एवढ्याशानं काय होतंय' असं कुणी म्हणत नाही.

मला ही पद्धत मनापासून पटते. आपल्याकडे दुखणं अंगावर काढण्याचं कौतुक फार. थर्मामीटर शंभरच्या वर गेल्याशिवाय रजा मागायला जीभ रेटत नाही. पण सर्दी सगळ्यांत जास्त पसरते ती पहिल्या काही दिवसांतच, म्हणजे घरी बसायचं ते तेव्हाच. इथे सात दिवसांपर्यंतच्या आजारपणाला, शनिवार-रविवार धरून, डॉक्टरांचा दाखला लागत नाही. तुमचा शब्द पुरतो.

डॉक्टरांची वेळ मात्र चटकन मिळत नाही. म्हणून जानेवारी 2024च्या अखेरीला इंग्लंडमध्ये 'फार्मसी फर्स्ट' सुरू झालं, त्याचा मोठा आधार वाटतो. ठरावीक सात तक्रारींसाठी फार्मासिस्टच तपासतो आणि गरज असेल तर औषधही देतो. घसादुखी त्यातलीच एक. मागच्या हिवाळ्यात मी गेले, तेव्हा काउंटरमागच्या छोट्या खोलीत बसवून त्यानं टॉर्चनं घसा पाहिला. गेल्या चोवीस तासांत ताप होता का? खोकला-सर्दी आहे का? दुखायला कधी लागलं, तीन दिवसांच्या आत आलात का? टॉन्सिल किती लाल आहेत, त्यांवर पू दिसतोय का, हेही बघितलं. अशा पाच गोष्टींना एकेक गुण (खोकला-सर्दीचा मात्र ती नसेल तरच), आणि चार-पाच गुण झाले तरच अँटिबायोटिकचा विचार. माझा एकच गुण झाला, लवकर गेले त्याचा. मग पॅरासिटामॉल आणि मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. आई फोनवर तेच सांगत होती!

अँटिबायोटिक मिळालं नाही म्हणून आपली बरीच मंडळी चिडतात, गावाकडून आणलेली पट्टी काढतात. कृपा करून तसं करू नका. बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते, तिथे त्या गोळीचा काडीचाही उपयोग नाही.

सप्टेंबरमध्ये शिकायला येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना खास सांगते. पहिल्या काही आठवड्यांत वसतिगृहात सगळेच शिंकत असतात, त्याला इथे 'फ्रेशर्स फ्लू' म्हणतात. पोचल्या पोचल्या जवळच्या जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायला सांगा, त्याला पैसे पडत नाहीत. रात्री-अपरात्री काय करावं कळेना, तर 111 हा आरोग्य सल्ल्याचा नंबर फिरवायचा. आणि श्वास घ्यायला त्रास होत असेल, थुंकीही गिळवत नसेल, तर वाट न बघता थेट 999, म्हणजे तातडीच्या मदतीचा नंबर.