अंगणातली सायाळ, जी सायाळ नव्हती

दिवाळीच्या आदल्या दिवशी सकाळी, कॅनबेरातल्या आमच्या घरासमोर रांगोळीसाठी झाडून ठेवलेल्या जागेच्या कडेला, एक काटेरी प्राणी झेंडूच्या रोपांखालची माती उकरत खाली खाली शिरत होता. परभणीकडचा माणूस असल्यामुळे माझ्या तोंडून पहिला शब्द 'सायाळ' असाच निघाला. रस्ता जवळ होता, म्हणून जाड हातमोजे घालून त्याला खोक्यात भरावे आणि टेकडीवरच्या झाडीत सोडून यावे, असा माझा साधा विचार होता. शेजारच्या बाईंनी कुंपणापलीकडून मला थांबवले, ते अशा आवाजात की जणू मी त्याला शिजवायलाच निघालो होतो.

तो एकिडना होता. काटे सोडले तर त्याचे सायाळीशी काही नाते नाही, कारण सायाळ उंदराच्या गणातली आणि हा अंडी घालणारा सस्तन प्राणी. अशा प्राण्यांच्या जगात पाचच जाती उरल्या आहेत, एक प्लॅटिपस (बदकासारख्या चोचीचा, पाण्यात राहणारा प्राणी) आणि चार एकिडना, आणि त्या ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी सोडून कोठेही आढळत नाहीत.

बाईंनी सांगितलेले कारण मात्र माझ्या मनातून अजून जात नाही. एकिडनाची मादी मऊ, चामड्यासारख्या कवचाचे एकच अंडे पोटावरच्या पिशवीत घालते. दहाएक दिवसांनी पिल्लू बाहेर येते. आईला स्तनाग्रे नसल्यामुळे ते पिशवीतल्या त्वचेवर पाझरणारे दूध चाटून पिते. सुमारे सात आठवड्यांनी त्याला काटे फुटू लागले की आई त्याला बिळात ठेवते आणि पुढे साधारण पाच-सहा दिवसांतून एकदाच पाजायला परत येते. बाहेरून नर-मादी ओळखणे अवघड असते, त्यामुळे या दिवसांत दिसलेला एकिडना दूर नेऊन सोडला, तर कुठल्याशा बिळात एखादे पिल्लू वाट पाहत उपाशी मरू शकते. म्हणून येथील नियम असा की जखमी नसेल तर त्याला हात लावायचा नाही.

नियम योग्य आहे हे मान्य करायला मला दोन दिवस लागले, आणि तेवढ्या अवधीत मी या लोकांविरुद्ध बरीच माहिती गोळा केली. फरसाठी प्लॅटिपसची शिकार विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत येथे राजरोस चालत होती. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात नायगावला मोरांसाठी अभयारण्य आहे, हे मी बाईंना सांगितले नाही, पण सांगायला हवे होते. 1799 मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज शास्त्रज्ञाने प्लॅटिपसचे पहिले शास्त्रीय वर्णन लिहिले, तेव्हा कोणी बदकाची चोच दुसऱ्याच प्राण्याला शिवली असावी, अशी शंका त्याला आली होती. हे प्राणी अंडी घालतात, असे येथील मूळ रहिवासी सांगत होते. ते कोणी खरे मानले नाही. अखेर 1884 मध्ये विल्यम कॉल्डवेल या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने क्वीन्सलँडमधल्या बर्नेट नदीकाठी त्याच मूळ रहिवाशांकडून प्राणी गोळा करवून घेतले आणि शोध लागल्याची तार माँट्रियलला भरलेल्या ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या सभेला पाठवली. गावाकडच्या माणसाचे सांगणे साहेबाच्या तारेशिवाय खरे ठरत नाही, हा अनुभव आम्हालाही नवा नाही.

रात्री फोनवर आईला सगळे सांगितले. "अंडं घालतंय अन् दूध बी पाजतंय?" असे तिने दोनदा विचारले. मग पाच-सहा दिवसांचा हिशोब ऐकून ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "पाच दिसांनी का व्हईना, येती तर खरं."

यंदा डिसेंबरमध्ये तिकिटे फार महाग आहेत आणि मुलीची शाळा फेब्रुवारीत सुरू होते, हे मी तिला पुन्हा एकदा सविस्तर समजावून सांगितले.