बाबांची एलपी विकली, त्याचा अनुभव

मागच्या महिन्यात मी बाबांची एक एलपी, म्हणजे ग्रामोफोनची मोठी तबकडी, विकली. वसंतराव देशपांड्यांच्या नाट्यगीतांची. गिऱ्हाईक मिळायला तीन आठवडे लागले आणि विकू की नको हे ठरवायला दोन वर्षं, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

आमचं गाव मूर्तिजापूर तालुक्यात. वसंतराव जन्माने मूर्तिजापूरचे, १९२० चे, हे बाबा घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. पुढे ते नागपूरला वाढले, शंकरराव सप्र्यांकडे शिकले, १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली'तले खाँसाहेब केले आणि अख्ख्या महाराष्ट्राचे झाले, पण बाबांसाठी ते आपल्या तालुक्याचेच. कापसाचे पैसे हातात आले की बाबा अकोल्याला जाऊन एखादी तबकडी घेऊन यायचे. घरात एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर होता, रात्री जेवणं झाली की ओसरीत लागायचा. आणि लाईन गेली की तबकडी हळू होत होत वसंतरावांचा आवाज जाड व्हायचा, अजून जाड, मग बंद. बाबा अंधारातच सुई उचलून ठेवायचे आणि लाईन येईपर्यंत पुढची ओळ स्वतः म्हणायचे. आवाज बेताचाच होता त्यांचा, पण जागा एकही सोडायचे नाहीत.

बाबा गेल्यावर सगळं माझ्याकडे आलं, मीही भंगारवाल्यांकडून, जुन्या वाड्यांमधून जमवत गेलो, आता दीडशेच्या आसपास तबकड्या आहेत. अडचण आमच्या उन्हाची. मे महिन्यात इकडे पारा ४५ च्या वर जातो आणि माझी खोली टिनाची. एलपी प्लास्टिकची असते, एकावर एक आडव्या रचून ठेवल्या आणि वरून टीन तापलं की वाकतातच. दोन वर्षांत चार वाकल्या, सुई त्यांच्यावर होडीसारखी वरखाली होते. त्यांना उभं ठेवायला सागाचं कपाट पाहिजे, तेही मधल्या मातीच्या भिंतीच्या खोलीत, आणि कपाटाला पैसे पाहिजेत. ज्या एलपीला बरी किंमत येईल अशी माझ्याकडे हीच होती.

आईला विचारलं. ती तूर निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तुह्या बाबाची हाये ते. पन कोठीत वाकडी होन्यापरीस कोनी आइकन त बरंच हाये." मग ठरलं.

आधी शहरातल्या एका व्यापाऱ्याकडे नेली. त्याने कव्हर पाहिलं, कोपऱ्यात बाबांनी शाईने लिहिलेलं नाव आणि तारीख पाहिली, म्हणाला कव्हर खराब केलेलं आहे, दीडशे देतो. तबकडी बाहेर काढून पाहिलीसुद्धा नाही! मला फार लागलं ते. सरळ परत घेऊन आलो.

मग स्वतःच विकायचं ठरवलं. पहिलं काम धुण्याचं. बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणलं, त्यात भांड्याच्या लिक्विडचा एकच थेंब, आणि धुऊन मऊ झालेल्या जुन्या धोतराच्या कापडाने रेघांच्या दिशेनेच गोल गोल पुसलं, आडवं कधीच पुसू नका. मधल्या कागदी लेबलला पाणी लागू दिलं नाही. स्पिरिट काही जण वापरतात पण जुन्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्यांना ते चुकूनही लावू नका, त्या लाखेच्या असतात, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मग लेबलवरचा नंबर टिपला. नंबराच्या सुरुवातीला ईसीएलपी असेल तर मोनो, ईसीएसडी असेल तर स्टिरिओ, माझी मोनो होती. सकाळच्या उजेडात खिडकीशी तिरपी धरून एक एक ओरखडा पाहिला आणि दोन्ही बाजू पूर्ण वाजवून ऐकल्या.

दुसऱ्या बाजूला एका ठिकाणी सुई अडकते. लहानपणापासून अडकते. बाबा तिथे सुईच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं ठेवायचे, वजनाने सुई पुढे जायची. तबकडीला ते बरं नाही, रेघा झिजतात, हे मला फार उशिरा कळलं. मी फोटोंसोबत हे सगळं लिहून टाकलं, अडकण्याची जागा, नाण्याची गोष्ट, कव्हरवरचं नाव. लपवून विकायची माझी तयारीच नव्हती.

बरेच जण नाव वाचून गप्प झाले. कोल्हापूरच्या एका रिटायर्ड काकांचा फोन आला. किंमत सोडून त्यांनी आधी विचारलं, "नाव कुणाचं आहे हो?" सांगितलं. म्हणाले, "ते खोडू नका, तसंच पाठवा." अठराशेला ठरलं, पैसे त्यांनी लगेच टाकले.

पॅकिंगला अख्खी दुपार गेली, कारण आधी एकदा मी पाठवलेली ७८ ची तबकडी कुरिअरमध्ये तीन तुकडे होऊन पोचली होती. या वेळी एलपी कव्हरमधून काढून नुसत्या आतल्या पिशवीत ठेवली, कव्हर मागे वेगळं, कारण आतच ठेवली तर धक्क्याने तबकडीची कड कव्हरची शिवण फाडते. दोन्ही बाजूंना खोक्याचे पुठ्ठे, एकाच्या नळ्या उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे कुठूनच दुमडत नाही. गावच्या पोस्टातून स्पीड पोस्टने पाठवली. पोस्टातल्या दादांनी शिक्का मारताना विचारलं काय आहे, मी म्हटलं गाणी आहेत, जरा जपून.

पाचव्या दिवशी काकांचा फोन. नीट पोचली, वाजवली, त्या जागी अडकली, त्यांनी बोटाने हलकेच पुढे ढकलली. मग थोडं थांबून विचारलं, ते चार आण्याचं नाणं अजून आहे का तुमच्याकडे, पाठवता का?

आहे. २०११ मध्ये चार आणे चलनातून गेले तरी बाबांनी ते जपून ठेवलं होतं, फिएस्टाच्या झाकणात आतून चिकटपट्टीने लावलेलं आहे. काकांना मी नाही म्हटलं. कपाटाच्या फळ्या सुताराने कापल्यात, नाणं अजून झाकणातच आहे.