विसरतोय, की ऐकूच येत नाही?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर मी दिवाणजी होतो. सौदे झाले की शेतकऱ्याची पट्टी करायची: इतकी पोती, इतकं वजन, हा भाव, त्यातून हमाली-तोलाई वजा. कॅल्क्युलेटर गल्ल्याशेजारी पडलेला असायचा, माझी बेरीज तोंडीच व्हायची. त्यामुळे निवृत्तीनंतर घरात "बाबा हल्ली विसरतात" अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा ती मला चांगलीच लागली. तक्रार काय, तर मी एकच गोष्ट दोनदा विचारतो, नावं पटकन आठवत नाहीत आणि चारचौघांत गप्प बसून राहतो.

सूनबाईनं मिरजेच्या एका मेंदूविकार तज्ज्ञांची वेळ घेतली. मिरजेला दवाखान्यांना तोटा नाही, पार कर्नाटकातून माणसं येतात. तिथं तीस गुणांची एक चाचणी घेतात. घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा, चित्रातले प्राणी ओळखा, पाच शब्द ऐका आणि थोड्या वेळानं परत सांगा. शंभरातून सात-सात वजा करत जा म्हणाले, तेव्हा मला हसूच आलं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी... ते थांबा म्हणेपर्यंत मी पन्नासाच्या खाली उतरलो होतो. अडलो ते शब्दांना. पाचातला एक शब्द मी 'पूल' सांगितला. सांगलीकराच्या डोक्यात पूल म्हटल्यावर 1929 चा आयर्विन पूलच येणार, तो मी विसरेन कसा? पण डॉक्टर 'फूल' म्हणाले होते. त्यांनी मास्क खाली केला, माझ्या पाठीमागे जाऊन हळू आवाजात काहीतरी बोलले, आणि मी आपला सूनबाईच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"काका, आधी कान तपासून या. शब्द कानात शिरलाच नाही तर डोक्यात राहणार कुठून?"

रक्तही तपासलं. थायरॉइड ठीक, साखर काठावर, बी-12 जीवनसत्त्व मात्र तळाला. मी माळकरी. बी-12 मिळतं ते प्राणिजन्य पदार्थांतून, म्हणजे आमच्यासारख्यांना दूध-दही-ताकाचाच काय तो आधार. त्यात ॲसिडिटीची गोळी मी वर्षानुवर्षं रोज सकाळी घ्यायचो, तिच्यामुळंही ते कमी शोषलं जातं. इंजेक्शनं सुरू झाली. झोप लागावी म्हणून रात्री सर्दीची गोळी घ्यायची सवय होती, ती डॉक्टरांनी तिथल्या तिथं बंद केली. जुन्या प्रकारच्या त्या गोळ्यांनी म्हातारपणी डोकं जड होतं, स्मरणावर परिणाम होतो. हे मेडिकलवाल्यानं इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. आता दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली आहे आणि रात्री मोबाइल बाहेरच्या खोलीत असतो.

मग रक्तदाब. 158/94. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, मग कसला बीपी, असं मी म्हणालो. डॉक्टरांचं म्हणणं असं की मेंदूतल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं हा दाब सोसतात आणि आतल्या आत खराब होतात, त्याची कळ येत नाही. वरचा आकडा चाळिशीपासूनच 130 च्या आत हवा.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाचा 2024 चा अहवाल सूनबाईनं मला मोबाइलवर मराठी करून दाखवला. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या आणि ज्यांवर काही इलाज करता येतो अशा 14 गोष्टी त्यात आहेत. त्या सगळ्या आवरल्या तर जगातले जवळजवळ 45 टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतात. रक्तदाब, साखर, वाईट कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, धूम्रपान, दारू, बसून राहणं, नैराश्य, एकटेपणा, डोक्याला मार, प्रदूषित हवा, लहानपणी न मिळालेलं शिक्षण, नजर आणि कान. यादीत बदाम नाहीत, हे मी मुद्दाम बघितलं.

मिठाचा हिशेब मात्र माझ्या हातचा होता. घरात माणसं चार आणि एक किलोचा पुडा महिन्याला संपतो. म्हणजे माणशी रोज आठ ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटना सांगते पाचापेक्षा कमी, म्हणजे साधारण एक सपाट चमचा. विकतचं भडंग, पापड, लोणचं यांतलं मीठ या हिशेबात धरलेलंही नाही. पाच ग्रॅमनं गेलं तर पुडा पन्नास दिवस पुरला पाहिजे. मी पुड्यावर फोडल्याची तारीख पेननं लिहायला लागलो, तर ही म्हणते, "अहो, आता मिठाचीही पट्टी करणार का?" भातातलं मीठ बंद झालं, पापड सणापुरता उरला. पन्नास दिवस अजून गाठता आलेले नाहीत, पण गोळी आणि हे मिळून वरचा आकडा बहुतेक वेळा 130 च्या आत असतो. दाब बघायच्या आधी पाच मिनिटं गप्प बसायचं आणि हात छातीच्या उंचीला टेकवायचा. जिना चढून आल्या आल्या पट्टा गुंडाळला की मशीन भलताच आकडा दाखवतं.

चालणं सोपं निघालं. आठवड्याला निदान दीडशे मिनिटं व्हायला हवीत. चाल अशी हवी की बोलता येईल पण गाता येणार नाही. घाटावरून हरिपूरच्या रस्त्याला लागतो आणि जमेल तिथून मागे फिरतो.

खरी कसरत कानाच्या मशीनची. तपासणीला काचेच्या छोट्या खोलीत बसवतात, कानाला हेडफोन, हातात बटण. टिक ऐकू आलं की दाबायचं. मला वाटत होतं मी झकास दाबतोय. बाहेर आल्यावर आलेख दाखवला: रेघ उजवीकडं खाली खाली घसरत गेलेली. जाड आवाज ठीक, बारीक आवाज गेलेले. फ, स, श, थ ही व्यंजनं त्यातच मोडतात. म्हणून माणूस बोलतोय हे ऐकू येतं, काय बोलतोय ते कळत नाही. घरात मी दुसऱ्यांदा विचारायचो त्यातलं निम्मं तर यामुळंच, पहिलं उत्तर पोचलेलंच नसायचं. आणि चुकीचं काही बोलून हसं होण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, म्हणून गप्प.

मशीन काही हजारांपासून लाखाच्या वर मिळतात. मी मधलं घेतलं, दोन्ही कानांना. पहिले काही दिवस नको नको झालं. वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी फाडल्यासारखा आवाज, पंख्याची घरघर, तोंडातलं भडंग तर डोक्यात फुटायचं. शेजारच्या तात्यांचं मशीन याच टप्प्यावर कपाटात गेलं ते गेलंच. मला सांगितलं होतं की आधी घरात थोडा वेळ लावा, मग दोघांत, गर्दीत सगळ्यात शेवटी; आणि मेंदूला सवय होईपर्यंत दोन-तीनदा येऊन आवाज जुळवून घ्या. तसंच केलं. मशीननं बुद्धीची घसरण कमी होते का, याच्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल 2023 साली आला. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीच धोका जास्त होता, त्यांच्यात मशीन आणि सल्ला मिळालेल्यांची बुद्धीची घसरण तीन वर्षांत 48 टक्क्यांनी कमी होती. मला एवढंच सांगता येईल की मी पुन्हा भजनाला जाऊन बसायला लागलो.

सुडोकू मला आवडत नाही. हरिपाठ तोंडपाठ, त्यात डोक्याला नवीन काम नाही. म्हणून मंडळात पेटी शिकायला घेतली. मशीन लावल्यावर सूर चिरके यायचे. मग त्यात संगीतासाठी वेगळी सेटिंग करून मिळाली. ही सोय असते, पण मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही.

हळदीनं स्मरणशक्ती टिकते का, असं लोक मला विचारतात, तुम्ही तर हळदीतलेच. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, राजापुरी हळद मी मुठीत धरून ओळखतो. पण हळदीतला ज्याचा एवढा गवगवा होतो तो पिवळा घटक म्हणजे कुर्क्युमिन, ते असतं दोन ते पाच टक्के, तेही शरीरात नीट शोषलं जात नाही. अल्झायमरच्या रुग्णांना त्याच्या गोळ्या देऊन पाहिल्या, फायदा सिद्ध झाला नाही. भाजीत घाला, खुशाल घाला. गोळ्यांना पैसे घालू नका.

पुढच्या खेपेला चाचणीत माझे गुण वाढले. चाचणी ओळखीची झाली की थोडे गुण तसेही वाढतात, असं डॉक्टरच म्हणाले. आता तात्यांचं मशीन कपाटातून काढायचंय. सोमवारी मिरजेला येतो म्हणालेत, पण बॅटरी कुठे ठेवली ते त्यांना सापडत नाहीये.