करमलं का हो तिकडे?

इंदूर, रविवार, रात्री दहा

“करमलं का हो तिकडे?” आज तिसऱ्यांदा कोणीतरी विचारलं आणि तिसऱ्यांदा मी म्हटलं, “छे हो, कसलं करमतंय! दोन दिवसांत घर आठवायला लागलं.” सकाळी शेजारच्या वहिनी, मग कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, संध्याकाळी फोनवर वन्सं. तिघांनाही हेच उत्तर हवं होतं. पण वहीशी कशाला खोटं बोलू? मला करमलं. इतकं करमलं की परतीच्या दिवशी सीप्लेनला उशीर झाला तेव्हा मनातल्या मनात म्हटलं, रद्दच होऊ दे मेलं.

लेकीने माझ्या निवृत्तीची भेट म्हणून मालदीव ठरवलं. किंमत काही सांगितली नाही. पण यांचा जन्म बँकेत गेलेला. त्यांनी मोबाईलवर शोधून काढलीच आणि दोन दिवस जेवताना एक शब्द बोलले नाहीत.

बॅग भरताना पहिला खटका उडाला. माझा रांगता बाळकृष्ण प्रवासात कायम बरोबर असतो, काशीला आला, रामेश्वरला आला. लेक म्हणाली, “आई, तिकडे पूजेची मूर्ती न्यायला मनाई आहे. विमानतळावर ठेवून घेतील.” तिथला नियमच तसा. दारूची बाटलीही बरोबर नेता येत नाही, मात्र रिसॉर्टवर हवी तेवढी मिळते. मला राग आला, खोटं कशाला सांगू. बाळकृष्ण वहिनींकडे ठेवला, रोज लोण्याची गोळी दाखवा म्हणून बजावलं आणि निघाले. यांनी स्वतःसाठी शेवेचं पाकीट आणि जीरावनची, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या आमच्या इंदुरी मसाल्याची, डबी घेतली. त्यांना मात्र कोणी अडवलं नाही.

मुंबईहून राजधानी माले अडीच-तीन तास. पुढे सीप्लेन. पंधराएक माणसांचं, दोन पंख्यांचं, पायाखाली तराफे लावलेलं विमान, आणि वैमानिक चक्क अनवाणी! हे माझ्या कानात म्हणाले, “अगं, याला बूट तरी घालायला सांग.” ही विमानं फक्त उजेडात उडतात, अंधार पडला की बंद.

आणि मग खाली पाहिलं.

जवळजवळ तीस वर्षं मी भूगोल शिकवला, तोही हिंदीतून. फळ्यावर खडूने एक तुटक गोल काढायचा, आत फिकं पाणी, बाहेर गडद. मराठीत त्याला कंकणद्वीप म्हणतात. इतका देखणा शब्द मला वर्गात कधी वापरता आला नाही. इंग्रजीतला ‘ॲटॉल’ मूळ मालदीवच्याच धिवेही भाषेतून गेलेला. डार्विनने १८४२ साली मांडलं ते असं, की समुद्रातला ज्वालामुखीचा डोंगर हळूहळू खचत जातो, काठचं प्रवाळ मात्र उजेडाच्या ओढीने वर वाढत राहतं, शेवटी डोंगर बुडतो आणि भोवतीचं कडं उरतं. मी मुलींना सांगायची, “कलाई डूब गई, कंगन रह गया.” दरवर्षी सांगायची. आणि ते कंगन खरोखरीचं, हिरवं-निळं, एकामागून एक खिडकीखालून सरकत होतं. माझे डोळे भरून आले. यांना वाटलं मला विमान लागलं; त्यांनी कागदी पिशवी पुढे केली.

मालदीवमध्ये एका बेटावर एकच रिसॉर्ट अशी पद्धत आहे. आमचं बेट इतकंसं, की चालत फेरी मारायला वीस-पंचवीस मिनिटं पुरत. खोली पाण्यावर खांबांवर उभी, एका कोपऱ्यात जमिनीला काच, खाली मासे. जमिनीची उंची बहुतेक ठिकाणी समुद्रापासून फक्त मीटर-दीड मीटर असलेला हा देश, तिथे पाण्याच्या वरच झोपायचं. पहिल्या रात्री हे दोनदा उठून काचेवर पाय न देता बाथरूमला जाऊन आले.

सामान आणणारा मुलगा तिथलाच. त्याला म्हटलं, तुमच्या भाषेत आकडे म्हण. “एके, दे, तिने, हतरे, फहे...” मी हसायलाच लागले. आपल्याच घरातली पोरं, फक्त कुठे लांब वाढलेली.

घड्याळाचाही एक घोळ. माले आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. पण रिसॉर्टवाल्यांनी आपली वेळ मालेच्या एक तास पुढे ठेवलेली, पाहुण्यांना संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून. म्हणजे आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे. मी हातातलं घड्याळ लावून घेतलं. यांनी साफ नकार दिला. “मी इंदूरच्याच वेळेवर जेवणार.”

आणि चारही दिवस ते खरंच इंदूरच्या वेळेवर होते. पहिल्या दुपारी विचारलं, “अगं, पण इथे करायचं काय?”

“काही नाही. त्याचेच पैसे भरलेत.”

हे ऐकून ते जे उठले ते बेटाच्या मागच्या बाजूला गेले. पाहुणे सहसा जात नाहीत तिकडे. संध्याकाळी परतले ते डोळे लकाकत. डिझेलचे जनरेटर पाहून आले, समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र पाहून आले, कचरा ओला-सुका वेगळा करतात का तेही तपासून आले. इंदूरचा माणूस कुठेही गेला तरी आधी कचरापेटीत डोकावणार, त्याला इलाज नाही. यंत्रावरच्या बांगलादेशी पोराशी दोस्ती झाली. त्याला यांनी नर्मदेचं सगळं पुराण ऐकवलं: १९७८ पासून जलूदहून ७० किलोमीटर, विंध्य चढवून पाणी आणतो आम्ही, तुम्ही तर अंगणातलंच उपसता! तिसऱ्या दिवसापासून दुपारचं वरण-भात यांनी कामगारांच्या खानावळीत जेवायला सुरुवात केली, वर जीरावन भुरभुरून. मला आग्रह झाला. मी गेले नाही.

आता खरी गोष्ट लिहिते.

लग्न होऊन रामबागेतल्या वाड्यात आले तेव्हा घरात चौदा माणसं आणि एक मोरी. माणसं चांगली होती, सासूबाईंनी माझी नोकरीही सुटू दिली नाही. पण त्या घरात एकटं बसणं म्हणजे काहीतरी बिनसलंय असाच अर्थ व्हायचा. खिडकीशी दहा मिनिटं बसलं की कोणीतरी येणारच, “बरं नाही का?” एकच गोष्ट अशी होती की जिच्यापुढे सगळं घर चूप. पेपर तपासणं. “वहिनी पेपर तपासतायत” म्हटलं की पोरांनाही गच्चीवर यायची बंदी. सहामाहीचे, वार्षिक, नंतर बोर्डाचे. गठ्ठा घ्यायचा, लाल पेन घ्यायचं, वर जायचं.

तपासून झालेले गठ्ठेही मी कितीतरी वेळा वर नेले आहेत. कोणाला कळलं नाही. मांडीवर गठ्ठा ठेवायची आणि कृष्णपुऱ्याच्या बाजूचं आकाश बघत बसायची. जिन्यावर पाऊल वाजलं की पेनचं टोपण काढायची.

तिथे तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्यावरच्या त्या लाकडी ओट्यावर बसले होते. हे जनरेटरकडे गेलेले. पाणी इतकं स्वच्छ की मासा आणि त्याची सावली वेगवेगळी दिसत होती. किती वेळ गेला माहीत नाही. मागे खोलीत साफसफाईच्या मुलीची चाहूल लागली आणि माझा उजवा हात आपोआप मांडीवर फिरला, पेन शोधायला. तिने दार हळूच लावून घेतलं, निघून गेली. मी बसूनच राहिले. जेवायलाही गेले नाही.

हे वन्संना फोनवर कसं सांगायचं?

त्याच दुपारी पाण्यात उतरले. एकसष्टाव्या वर्षी, कुर्ता-लेगिंगवर लाइफ जॅकेट, तोंडावर मुखवटा. शिकवणाऱ्या मुलीने हात धरला होता. पाण्याखाली तोंड घातल्यावर आधी आवाज ऐकू आला, कुरकुर कुरकुर, शेजारी कोणी भाजलेला भुट्टा खात बसावं तसा. पोपटमासे! चोचीने प्रवाळ कुरतडत होते. कुरतडतात, आत दळतात आणि मागून पांढरी वाळू सोडतात. एकाने माझ्यासमोरच सोडली, धुरासारखी. तिथल्या वाळूचा मोठा भाग असाच तयार होतो. रात्री यांना सांगितलं. ते बराच वेळ विचारात पडले. “म्हणजे तीन दिवस आपण माशाच्या शीवर फिरतोय? आणि या दराने?”

शेवटच्या संध्याकाळी किनाऱ्यावर एक कवडी दिसली, बोटाच्या पेराएवढी, पिवळसर, वरून गुळगुळीत, खाली दातेरी चीर. कितीतरी शतकं या बेटांच्या कवड्या जहाजं भरभरून बंगालला जायच्या आणि तिथे सुट्टे पैसे म्हणून चालायच्या. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इथे काझी होता, त्यानेही हे लिहून ठेवलंय. मला मात्र आमच्या देवघरातली माळ आठवली. आमचं कुलदैवत तुळजाभवानी. सासूबाई नवरात्रात परडी भरायच्या तेव्हा गळ्यात कवड्यांची माळ घालायच्या, ती माळ आता माझ्याकडे आहे. ती कुठून आली कोण सांगणार, पण इथल्याच पाण्यातली असली तर? माझ्या बाळकृष्णाला दारातच नको म्हटलं, आणि भवानी आईचा दागिना मात्र इथूनच गेलेला. त्या रागाचं मला हसूच आलं. शिंपले नेऊ नका अशी पाटी होती, म्हणून कवडी होती तिथे ठेवली. ठेवण्याआधी जरा वेळ मुठीत धरली, एवढंच.

विषुववृत्ताजवळ सूर्य तिरपा न जाता जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे संधिप्रकाश अगदी थोडा. शिकवलं होतं. पण चहाचा कप खाली ठेवेपर्यंत अंधार पडतो हे पुस्तकात नव्हतं. आणि चहा, तो मात्र खरंच वाईट. एवढं एक वन्संना सांगितलं ते खरं होतं.

परवा रात्री घरी आलो. बाळकृष्ण परत आणला, वहिनींनी त्याला लोण्याबरोबर जिलेबीही दाखवली होती म्हणे. हे सकाळीच पोहे खायला बाहेर पडले आणि दोन तासांनी आले; सगळ्या मित्रांना गोड्या पाण्याच्या यंत्राची गोष्ट सांगून झाली असणार.

माझं घड्याळ अजून रिसॉर्टच्याच वेळेवर आहे. त्यात साडेपाच वाजतात तेव्हा इथे पाच. आज तशीच उठले, गच्चीवर जाऊन बसले. कचऱ्याची गाडी यायला अजून वेळ होता. हे वर आले तेव्हा उजाडलं होतं. माझ्या मनगटाकडे बघून म्हणाले, “अगं, तुझं घड्याळ पुढे आहे.”

“माहीत आहे,” मी म्हटलं.

ते चहा ठेवायला खाली गेले.