स्टोक रोमधील काशीनरेशांची विहीर

रविवार, रात्री

आज दुपारी रेडिंगहून ऑक्सफर्डशायरमधल्या स्टोक रो या गावी जाऊन आलो. चिल्टर्न टेकड्यांवरच्या या लहानशा इंग्रज गावात, ऐन रस्त्याच्या कडेला, लोखंडी खांबांवर तोललेल्या घुमटाखाली काशीच्या महाराजांनी बांधून दिलेली विहीर आहे.

हा सारा डोंगर चुनखडीचा असल्यामुळे पडलेले पाणी वर टिकत नाही, थेट खोल झिरपून जाते. पूर्वी उन्हाळ्यात डबकी आटली की गावाचे हाल होत. पाऊस पडूनही पाणी नाही, ही तक्रार आपल्या घाटमाथ्यावरच्या माणसाला समजावून सांगावी लागणार नाही. शेजारच्या इप्सडेनचे एडवर्ड रीड हे हिंदुस्थानात कंपनी सरकारचे बडे अधिकारी होते आणि १८३१ मध्ये त्यांनी आझमगढकडे लोकांसाठी विहीर खोदवली होती. घरातले उरलेसुरले पाणी पिऊन टाकले म्हणून आईचा मार खाणाऱ्या, इंग्लंडातल्या आपल्या गावाकडच्या एका पोराची हकिकत त्यांनी काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना सांगितली होती. महाराजांनी ती लक्षात ठेवली आणि रीड मायदेशी परतल्यानंतर स्टोक रोमधल्या या विहिरीचा सगळा खर्च उचलला.

यात निव्वळ भूतदया होती असे मानण्याइतका मी भाबडा नाही. १८५७ मध्ये महाराज इंग्रजांच्या बाजूने राहिले होते, त्याला तेव्हा फार वर्षे झाली नव्हती. काम सुरू झाले १० मार्च १८६३ रोजी, म्हणजे युवराजांच्या लग्नाच्या दिवशी, आणि विहीर खुली झाली २४ मे १८६४ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशी. मुहूर्त पंचांगातून न काढता राजघराण्यातून काढलेला दिसतो.

विहिरीचा व्यास जेमतेम ४ फूट आणि खोली ३६८ फूट. हे सगळे खोदकाम हातांनी झालेले आहे. एवढ्या अरुंद नळीत, कंदिलाच्या उजेडात कुदळ चालवणाऱ्या मजुराला वर पाहिल्यावर आभाळ केवढे दिसत असेल, याचा विचार करत मी बराच वेळ कठड्याशी उभा होतो. भरलेला पोहरा वर ओढायला दहाएक मिनिटे लागत. त्यासाठी वॉलिंगफर्डच्या वाइल्डर यांच्या कारखान्याने घडवलेल्या रहाटावर एक सोनेरी हत्ती मोठ्या ऐटीत उभा आहे. तो इतका गोंडस आहे की येणारा प्रत्येक जण आधी त्याचाच फोटो काढतो.

मला मात्र सर्वांत मोलाची वाटली ती शेजारची बाग. विहिरीच्या देखभालीचा खर्च निघावा म्हणून तिथे चेरीची झाडे लावून तिला ‘ईश्वरी बाग’ असे नाव दिले होते, आणि विहीर राखणाऱ्यासाठी एक अष्टकोनी घरही बांधले होते. देवळाला किंवा धर्मशाळेला जमीन लावून देण्याची आपल्याकडची रीतच काशीनरेशांनी इंग्लंडात नेली, असे मला वाटते. त्यामुळे गोरगरिबांना पाणी फुकट मिळत राहिले आणि सत्तरएक वर्षे विहीर वापरात राहिली. १९६४ मध्ये शताब्दीला प्रिन्स फिलिप आले होते आणि विहिरीत गंगाजल ओतले गेले, याचेही गावाला कौतुक आहे. पण असे समारंभ कुठेही होतात. दान देताना पुढच्या दुरुस्तीची सोय लावून ठेवणारे दाते तेव्हाही थोडेच होते.